झिजलेली किल्ली

(यंत्रे एकाएकी बिघडत नाहीत. ती हळूहळू झिजतात आणि झिजताना आपल्याला सूचना देतात. त्या सूचनांकडे आपण लक्ष दिले नाही, तर ऐन वेळी अडचण उभी राहते. या पाठात लेखकाने आपल्या लहानपणची एक आठवण सांगितली आहे. जुन्या मोटारीचे कुलूप कसे काम करते, ते का झिजते आणि झिजल्यावर काय करावे, याची माहितीही या पाठातून मिळते.)

ही १९९४ सालच्या डिसेंबर महिन्यातील गोष्ट आहे. मी तेव्हा नववीत शिकत होतो. आम्ही मालेगावात राहत होतो. आमच्या मोहल्ल्यात रात्रंदिवस मागांचा खडखडाट चाले. त्या मोहल्ल्यात एकच मोटार होती आणि ती माझ्या अब्बांची होती. ती पेट्रोलवर चाले आणि वयाने माझ्यापेक्षाही मोठी होती. अब्बा ती भाड्याने चालवत. कोणाला नाशिकच्या दवाखान्यात जायचे असो, कोणाला मनमाडला रेल्वे गाठायची असो, लोक आमच्याच दारात येत.

त्या मोटारीची किल्ली मात्र हट्टी झाली होती. ती कुलपात जाई, पण फिरत नसे. अब्बांनी तिच्यासाठी एक युक्ती शोधून काढली होती. किल्ली पूर्ण आत घालायची, केसभर मागे ओढायची, किंचित वर उचलायची आणि मग फिरवायची. कधी पहिल्या खेपेला जमे, कधी दहाव्या. किल्ली फारच अडली, की अब्बा कुलपात खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडत.

अम्मी म्हणे, "एखाद्या दिवशी ही किल्ली दगा देईल. मिस्त्रींना दाखवा."

अब्बा हसून म्हणत, "अजून चालते आहे ना? मग कशाला खर्च करायचा?"

एके रात्री आमच्या दारावर थाप पडली. शेजारच्या जुबेदाखालांना दम्याचा झटका आला होता. त्यांचा मुलगा दारात उभा होता. त्याला धड बोलताही येत नव्हते. अब्बा लगेच उठले. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "सलीम, मोटारीचे दार उघडून ठेव. मी खालांना उचलून आणतो."

मी बाहेर धावलो. दार उघडले. खालांच्या श्वासाचा आवाज गल्लीत ऐकू येत होता. मला वाटले, अब्बा येईपर्यंत आपण मोटार सुरू करून ठेवावी. तेवढाच वेळ वाचेल. अब्बांनी मला हे काम सांगितले नव्हते. तरीही मी किल्ली कुलपात घातली आणि फिरवली. ती फिरली नाही. मी मागे ओढली, वर उचलली, पुन्हा फिरवली. तरी ती हलली नाही. माझे हात थरथरू लागले. समोरच्या खणात पक्कड होती. मी पकडीने किल्ली धरली आणि सारा जोर लावून पिळली.

'कट्' असा बारीक आवाज झाला. किल्लीचा अर्धा भाग माझ्या हातात आला. उरलेला अर्धा कुलपातच राहिला.

अब्बा खालांना घेऊन आले. मी कसाबसा म्हणालो, "अब्बा, किल्ली मोडली." पकडीबद्दल मी काहीच बोललो नाही. शेजारचे चार लोक मोटार ढकलायला पुढे आले. पण ढकलून काय उपयोग? किल्ली फिरल्याशिवाय इंजिनाला वीज मिळणार नव्हती. शिवाय स्टिअरिंगही जखडलेले होते. शेवटी एक जण चौकात धावत गेला आणि रिक्षा घेऊन आला. त्यात वीस मिनिटे गेली. ती वीस मिनिटे खाला आमच्या ओट्यावर बसून श्वासासाठी धडपडत होत्या. अम्मी त्यांची पाठ चोळत होती. मी भिंतीला टेकून उभा होतो. खिशातला तो पितळी तुकडा मला निखाऱ्यासारखा वाटत होता.

सुदैवाने खाला वाचल्या. तिसऱ्या दिवशी त्या घरी परत आल्या. पण त्या तीन दिवसांत मला नीट जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बांनी दगडूमिस्त्रींना बोलावले. आग्रा रोडवर त्यांचे छोटे गॅरेज होते. मी त्यांना दगडूकाका म्हणत असे. ते आपली हत्यारांची पेटी घेऊन आले.

"काका, किल्ली घिसली होती का?" मी विचारले.

दगडूकाका हसले. "झिजली होती म्हण, बाळा. तुमच्या उर्दूत घिसना, आमच्या मराठीत झिजणे. किल्लीला भाषा कळत नाही. दोन्ही भाषांत ती पातळच होते."

त्यांनी आधी बॅटरीची एक वायर सोडवली. "कुलपाच्या मागे विजेच्या तारा असतात," ते म्हणाले. "काम करताना त्यांची कुठे गाठ पडली, तर ठिणगी उडते. म्हणून पहिले काम बॅटरीचे."

मग त्यांनी नक्षीकामाच्या करवतीचे एक बारीक पाते घेतले. ते किल्लीच्या कडेने कुलपात सरकवले. पात्याचे दात किल्लीच्या तुकड्यात अडकले आणि हळूहळू तुकडा बाहेर आला.

"किल्ली फिरण्याआधीच मोडली, हे बरे झाले," ते म्हणाले. "अर्धवट फिरून मोडली असती, तर आतल्या पट्ट्यांनी तिला धरून ठेवले असते."

त्यांनी माझ्याकडचा तुकडा मागितला. दोन्ही तुकडे उन्हात धरले. किल्लीच्या दांड्यावर पकडीच्या दातांचे ओरखडे स्पष्ट दिसत होते. दगडूकाकांनी ते पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. पण ते काही बोलले नाहीत. त्यांनी तुकडे रुमालावर ठेवले आणि अब्बांना विचारले, "हमीदभाई, दुसरी किल्ली आहे का?"

अम्मीने ट्रंकेतून एक पुरचुंडी आणली. मोटार घेतल्यापासून ती तशीच होती. तिच्यात एक कोरी किल्ली आणि पत्र्याची एक लहान चकती होती. चकतीवर आकडे कोरलेले होते.

दगडूकाकांनी नवी किल्ली आणि मोडलेले तुकडे शेजारी शेजारी ठेवले. "सलीम, बघ. काय फरक दिसतो?"

मी निरखून पाहिले. नव्या किल्लीच्या खाचांचे कोपरे टोकदार होते. जुन्या किल्लीचे कोपरे घासून गोल झाले होते. खाचांमधले उंचवटेही बसले होते.

"आता कुलूप कसे चालते ते ऐक," काका म्हणाले. "कुलपाच्या आत एक गोल गाभा असतो. किल्ली त्या गाभ्यात जाते. गाभ्यात लहान लहान पितळी पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीमागे एक नाजूक स्प्रिंग असते. किल्ली नसते तेव्हा या पट्ट्या गाभ्याबाहेर डोके काढतात आणि बाहेरच्या नळीच्या खोबणीत अडकतात. म्हणून गाभा फिरत नाही. योग्य किल्ली आत गेली, की तिची प्रत्येक खाच आपापल्या पट्टीला नेमक्या उंचीवर आणते. सगळ्या पट्ट्या गाभ्याच्या कडेशी बरोबर होतात. मग गाभा फिरतो."

"आणि किल्ली झिजली, तर?"

"तर पट्टी नेमक्या जागी येत नाही. केसभर बाहेर राहते. एक पट्टी जरी बाहेर राहिली, तरी गाभा अडतो. तुझे अब्बा किल्ली मागेपुढे करत होते, ते या पट्ट्या जागेवर आणण्यासाठीच. पण जोर लावून पट्टी खाली बसत नाही. जोर सगळा किल्लीवर येतो. किल्ली पितळेची आणि खाचांपाशी अरुंद. तिथेच ती तुटते."

मी मान खाली घातली.

काकांनी कोरी किल्ली कुलपात घातली आणि फिरवली. ती लोण्यासारखी फिरली. अब्बांचा चेहरा खुलला. ते म्हणाले, "म्हणजे काम झाले!"

"थांबा, हमीदभाई." काकांनी किल्ली 'चालू' या जागेवर आणली आणि मग ती सहज बाहेर ओढली. किल्ली त्यांच्या हातात आली. कुलूप मात्र 'चालू'वरच राहिले. "चांगल्या कुलपातून अशी किल्ली निघत नाही. 'बंद'वर आणल्याशिवाय ते किल्ली सोडत नाही. याचा अर्थ, पट्ट्याही झिजल्या आहेत. किल्ली आणि कुलूप दोघे एकमेकांना घासत म्हातारे झाले आहेत. उद्या रस्त्यात धक्का बसला आणि किल्ली खाली पडली, तर तुम्ही ती शोधायला वाकाल. नजर रस्त्यावरून हटेल. पुढे राहूडचा घाट असेल, तर काय होईल?"

अब्बा गप्प झाले. नाशिकला जाताना चांदवडच्या अलीकडे राहूडचा घाट लागतो. तो रस्ता त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता.

काकांनी किल्ली पुन्हा आत घातली आणि थोडी फिरवली. नळीला बाजूने एक बारीक भोक होते. त्यातून तार घालून त्यांनी आतली खुंटी दाबली. गाभा अलगद बाहेर सरकला. त्यांनी तो ताटलीत उपडा केला. पट्ट्या आणि स्प्रिंगा खाली पडल्या. त्यांच्याबरोबर काळा, चिकट गाळही निघाला.

"हा कुठून आला?" अब्बांनी विचारले.

"तुमच्या खोबरेल तेलातून. तेलामुळे दोन दिवस कुलूप नरम वाटते. पण तेल धूळ धरून ठेवते. धूळ आणि तेल मिळून असा लेप तयार होतो. लेपातली रेती पट्ट्यांना कानशीप्रमाणे घासते. कुलपात कोरडे वंगण घालावे. ग्रॅफाइटची पूड सगळ्यांत चांगली."

"ग्रॅफाइट म्हणजे?" मी विचारले.

"तुझ्या पेन्सिलीत असते तेच. लोक त्याला शिसे म्हणतात, पण त्यात शिसे नसते. ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. पूड मिळाली नाही, तर एखाद्या वेळी मऊ पेन्सिल किल्लीच्या खाचांवर घासावी आणि किल्ली चार-पाच वेळा आत-बाहेर करावी. अडलेले काम निघते."

मग काकांनी मला एक एक गोष्ट क्रमाने समजावली. मी ती वहीत लिहून घेतली. ती वही पुढे कित्येक वर्षे अब्बांच्या मोटारीत होती.

पहिली गोष्ट : किल्ली फिरत नसेल, तर आधी स्टिअरिंग पाहावे. किल्ली काढल्यावर अनेक मोटारींत एक पोलादी खुंटी स्टिअरिंगच्या दांड्यात शिरते आणि त्याला जखडते. चाक दगडाला किंवा पायरीला टेकलेले असेल, तर ही खुंटी घट्ट दाबली जाते. अशा वेळी एका हाताने स्टिअरिंग हलकेच डावीउजवीकडे हलवावे आणि दुसऱ्या हाताने किल्ली फिरवावी. कित्येकदा कुलूप चांगले असते, नुसती खुंटी दबलेली असते.

दुसरी गोष्ट : दुसरी, कमी वापरलेली किल्ली घालून पाहावी. तिने कुलूप उघडले, तर दोष पहिल्या किल्लीत जास्त आहे. दोन्ही किल्ल्या अडल्या, तर दोष कुलपात आहे.

तिसरी गोष्ट : किल्ली नीट फिरते, पण मोटार सुरू होत नाही, अशा वेळी किल्लीला दोष देऊ नये. गाभ्याच्या मागे विजेचे बटण असते. 'चालू' वर इंजिनाला वीज मिळते. त्याच्या पुढच्या जागेवर स्टार्टरला वीज मिळते आणि तो इंजिन फिरवतो. हात सोडला, की स्प्रिंग किल्लीला परत 'चालू' वर आणते. बॅटरी उतरली असेल, तार सैल असेल किंवा बटणाचे आतले पत्रे जळले असतील, तर किल्ली फिरूनही काही होत नाही. तो निराळा रोग आहे आणि त्याचे औषधही निराळे आहे.

चौथी गोष्ट : झिजलेल्या किल्लीवरून नवी किल्ली कापून घेऊ नये. "दुसऱ्याच्या वहीतून गणित उतरवताना त्याची चूकही उतरते ना?" काका म्हणाले. "तसेच हे आहे. झिजलेल्या किल्लीची नक्कलही झिजलेलीच निघते. कोऱ्या किल्लीवरून किंवा चकतीवरच्या आकड्यावरून किल्ली कापून घ्यावी. तो आकडा घरी लिहून ठेवावा. किल्लीला मात्र बांधू नये. नाहीतर चोराचेच काम सोपे होईल."

पाचवी गोष्ट : मोटारीच्या किल्लीला ओझे बांधू नये. अब्बांच्या जुडग्यात घराची, दुकानाची, ट्रंकेची अशा नऊ किल्ल्या होत्या आणि एक पितळी मासा होता. मोटार चालताना तो जुडगा सारखा झुले आणि कुलपाला हिसके देई.

सहावी गोष्ट : मोटार चालत असताना किल्ली कधीही 'बंद'कडे फिरवू नये. इंजिन बंद पडते, ब्रेक जड होऊ शकतात आणि किल्ली बाहेर आली, तर स्टिअरिंगही जखडू शकते.

"आता काय करायचे, दगडूभाऊ?" अब्बांनी विचारले. "एक जण म्हणत होता, कुलूप काढून टाका आणि साधे बटण बसवा. फार स्वस्तात होते."

"होते खरे. पण मग कोणीही यावे, बटण दाबावे आणि मोटार घेऊन जावे! दुसरा मार्ग म्हणजे याच गाभ्यात नव्या पट्ट्या बसवायच्या. पण तुमची बाहेरची नळीही खरवडली आहे. माझे ऐकाल, तर नवे कुलूप बसवा. दारांची किल्ली जुनी राहील आणि मोटार सुरू करण्याची नवी होईल. दोन किल्ल्या सांभाळाव्या लागतील, एवढेच."

नव्या कुलपाला अब्बांची दोन दिवसांची कमाई लागणार होती. अब्बा विचार करत उभे राहिले. मला आता राहवेना. मी पुढे झालो आणि म्हणालो, "अब्बा, किल्ली आपोआप मोडली नाही. मी पकडीने पिळली. तुम्ही सांगितले नव्हते, तरी मी मोटार सुरू करायला गेलो. माझ्यामुळे खालांना उशीर झाला."

क्षणभर कोणी बोलले नाही. मला वाटले, आता अब्बा रागावतील. त्यांनी रुमालावरचे दोन्ही तुकडे उचलले. गोल झालेल्या खाचांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सलीम, किल्ली तू मोडलीस. पण ती झिजू मी दिली. सहा महिने ती मला सांगत होती. तुझी अम्मीही सांगत होती. मी ऐकले नाही. चूक दोघांची आहे."

दगडूकाका हत्यारे पुसत होते. ते म्हणाले, "मला पकडीची खूण सकाळीच दिसली होती. पण म्हटले, पोराला स्वतः बोलू द्यावे."

तिसऱ्या दिवशी नाशिकहून नवे कुलूप आले. काकांनी ते बसवले आणि बॅटरीची वायर जोडली. नव्या किल्लीला त्यांनी एकच साधी कडी लावली. दुसरी किल्ली अम्मीच्या ट्रंकेत गेली. किल्लीचा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. त्याच दिवशी दुपारी अब्बा जुबेदाखालांना दवाखान्यातून घरी घेऊन आले. मोटारीत बसताना त्या म्हणाल्या, "आज किल्ली चालते ना रे?" सगळे हसले. मलाही तीन दिवसांनी प्रथमच हसू आले.

पुढे मी मोठा झालो आणि कुलूप-किल्लीविषयी वाचू लागलो. तेव्हा मला अनेक नवलाच्या गोष्टी कळल्या. हजारो वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये लाकडी कुलपे होती. त्यांतही खुंट्या खोबणीत पडून दार अडवत आणि लाकडी किल्ली त्या खुंट्या उचलत असे. त्याच कल्पनेवरून १८६० च्या सुमारास अमेरिकेत लायनस येल यांनी लहान, चपट्या किल्लीचे कुलूप तयार केले. पूर्वी मोटार सुरू करण्यासाठी पुढून लोखंडी हँडल फिरवावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला, तर माणसाचा हात मोडे. १९११ मध्ये चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा स्टार्टर बनवला आणि हा धोका टळला. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी नुसती किल्ली फिरवून मोटार सुरू करण्याची सोय आली.

शब्दांचा प्रवासही असाच मजेदार आहे. 'कुलूप' हा शब्द अरबी 'कुफ्ल' या शब्दावरून मराठीत आला. उर्दूत आपण 'कुफ्ल' म्हणतोच. 'चावी' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. 'मिस्त्री' हाही पोर्तुगीजांचाच. 'दुरुस्त' हा फारसी आहे. म्हणजे दगडूमिस्त्रींनी चावी बघून कुलूप दुरुस्त केले, असे म्हटले, की एका वाक्यात किती देशांचे शब्द एकत्र येतात!

किल्लीला ओझे बांधू नये, हे दगडूकाकांचे म्हणणे किती खरे होते, तेही मला पुढे पटले. २०१४ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्स या कंपनीने सुमारे २६ लाख मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्यांतील किल्लीचे बटण मुळातच सैल होते. जुडग्याच्या ओझ्याने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने ते 'चालू'वरून सरके. मग इंजिन बंद पडे आणि अपघातात चालकाला वाचवणारी हवेची पिशवीही फुगत नसे. या दोषामुळे १२४ माणसे दगावली, हे भरपाई देताना मान्य करण्यात आले. एवढासा भाग, पण त्यावर किती जीव अवलंबून असतात!

आता पुष्कळ नव्या मोटारी बटण दाबून सुरू होतात. अनेक किल्ल्यांच्या डोक्यात एक सूक्ष्म यंत्र असते. मोटारीने ते ओळखले नाही, तर किल्ली फिरूनही इंजिन सुरू होत नाही. तरीही जुन्या मोटारी, रिक्षा आणि टेम्पो रस्त्यांवर आहेतच. त्यांच्या किल्ल्या रोज थोड्या थोड्या झिजत आहेत.

मोडलेल्या किल्लीचे ते दोन तुकडे मी अजून जपून ठेवले आहेत. घरातला नळ ठिबकू लागला, दाराची कडी अडू लागली किंवा सायकलचा ब्रेक सैल झाला, आणि 'अजून चालते आहे ना?' असे शब्द माझ्या तोंडी आले, की मी खण उघडून ते तुकडे पाहतो. मग मी उठतो आणि मिस्त्रींना बोलावतो.

शब्दार्थ

मोहल्ला – वस्ती, गल्ली
जुडगा – एकत्र बांधलेल्या किल्ल्या
पक्कड – वस्तू घट्ट धरण्याचे लोखंडी हत्यार
पिळणे – जोराने मुरगळणे
जखडणे – घट्ट अडकवणे
निखारा – पेटलेला कोळसा
पुरचुंडी – फडक्यात बांधलेली लहान गाठोडी
खाच – कापून केलेली लहान पोकळी
गाभा – वस्तूचा आतला, मधला भाग
खोबणी – वस्तू बसण्यासाठी केलेली पोकळ जागा
कानस – धातू घासण्याचे खरखरीत हत्यार
वंगण – यंत्राचे भाग सहज फिरावेत म्हणून घालतात तो पदार्थ
हिसका – एकदम बसलेला झटका

वाक्प्रचार

दगा देणे – ऐन वेळी फसवणे
मान खाली घालणे – लाज वाटणे
चेहरा खुलणे – आनंद होणे
न राहवणे – गप्प बसणे अशक्य होणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाचे अब्बा कोणता व्यवसाय करत?
(आ) जुबेदाखालांना काय झाले होते?
(इ) दगडूकाकांनी सर्वांत आधी कोणते काम केले?
(ई) अम्मीने पुरचुंडीतून काय आणले?
(उ) पेन्सिलीत कोणते पदार्थ असतात?

२. रिकाम्या जागा योग्य शब्दांनी भरा.
(अ) किल्लीचा तुकडा करवतीच्या बारीक ______ बाहेर काढला.
(आ) कुलपात तेलाऐवजी ______ वंगण घालावे.
(इ) 'कुलूप' हा शब्द ______ भाषेतून आला आहे.

३. कोण, कोणास म्हणाले?
(अ) "अजून चालते आहे ना? मग कशाला खर्च करायचा?"
(आ) "किल्लीला भाषा कळत नाही."
(इ) "किल्ली तू मोडलीस. पण ती झिजू मी दिली."

४. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मोटार ढकलून उपयोग का नव्हता?
(आ) किल्ली झिजली, की कुलूप का फिरत नाही?
(इ) झिजलेल्या किल्लीवरून नवी किल्ली का कापून घेऊ नये?
(ई) पकडीची खूण दिसूनही दगडूकाका गप्प का राहिले?

५. पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) किल्ली फिरत नसेल, तर कोणत्या गोष्टी क्रमाने पाहाव्यात?
(आ) "चूक दोघांची आहे," असे अब्बा म्हणाले. तुम्हांला काय वाटते? कारण सांगून लिहा.

६. खालील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
दगा देणे, चेहरा खुलणे, न राहवणे.

७. विरुद्धार्थी शब्द लिहा.
चालू, स्वस्त, सैल, कोरडे, जुना.

८. कंसातील सूचनेप्रमाणे वाक्ये बदला.
(अ) किल्ली कुलपात अडकते. (भूतकाळ करा.)
(आ) मी वहीत आकडा लिहिला. (भविष्यकाळ करा.)
(इ) कुलपात तेल घालावे. (नकारार्थी करा.)

उपक्रम : आपल्या घरातील सर्व किल्ल्या पाहा. कोणती किल्ली सर्वांत जास्त झिजली आहे, ते निरखा आणि त्याविषयी पाच वाक्ये मराठीत लिहा. मराठीत व उर्दूत सारखे असलेले दहा शब्द शोधून त्यांची यादी करा.